पाचवीचा दोरा

सिस्टरने कात्री घेतली आणि पोराच्या मनगटावरचा काळा दोरा कचकन कापला. विचारलं नाही, सांगितलं नाही. सलाईन लावायचं होतं. दोरा वर सरकवला असता तरी भागलं असतं. पोराची आई पार्वती नुसती बघत राहिली. दोरा कचऱ्याच्या डब्यात गेला. सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाली, "या लोकांचं असंच असतं मॅडम. औषध नको, गंडेदोरे हवेत."

मी म्हणाले, "हो ना."

दोनच शब्द. कारण 'हे लोक' म्हणजे मीच, आणि ते सिस्टरला कळायला नको होतं. आमचा पाडा घोडबंदरच्या वरच्या अंगाला, पार्वतीच्या पाड्याला लागूनच. बाळ पाच दिवसांचं झालं की पाचवीला आजी दोरा बांधते, पोर आता आपलं झालं म्हणून. तो झिजला की तीच नवा बांधते. तोडत कुणी नाही. कॉलेजात पोरी हसल्या तेव्हा माझा मीच ब्लेडने कापला होता. आता माझ्या गळ्यात ओळखपत्र आहे. पाड्यांवरच्या आरोग्याचं संशोधन करते म्हणे मी.

इंजेक्शनसाठी पोराला पाच दिवस आणायचं होतं. दुसऱ्या दिवशी पार्वती आलीच नाही. फॉर्मवर रकाना होता, 'उपचार सोडण्याचं कारण'. आमच्या मोठ्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "अंधश्रद्धेवर टिक कर. तू त्यांच्यातलीच ना? तुला तर माहीतच असेल."

मी टिक केली. नोकरी होती.

संध्याकाळी पाड्यावर गेले. पोराला धाप लागलेली. पार्वती दारातून उठली नाही.

"तू तिथंच व्हतीस ना? दोरा काय हाय ते तुला ठावं हाय. मग का न्हाय बोललीस?"

"चल, मी येते सोबत," एवढंच म्हणाले.

"त्या बाईकडं? न्हाय."

पोराला घ्यायला हात पुढे केला, तर तिने त्याच्यावर पदर ओढला. मी तशीच उभी. एवढं शिकून काय उपयोग झाला? माझ्याच माणसाला माझी भीती वाटत होती.

दोन दिवसांनी गेले तर दाराला कडी. पोराला घेऊन ती निघून गेली होती. कुठे, ते अख्ख्या पाड्यात कुणी सांगितलं नाही. म्हणजे मला सांगितलं नाही.

हाटकेश भागातल्या आमच्या ऑफिसात येऊन तो फॉर्म काढला. टिक खोडली. खाली लिहिलं : 'दोरा न विचारता कापला. मी तिथे होते. मी हो म्हणाले.' सही केली.

मोठ्या मॅडमनी वाचलं. "असं नसतं लिहायचं. हा रिसर्च आहे. अहवालातून तुझं नाव काढावं लागेल."

"काढा," मी म्हणाले. "पण लिहिलेलं कारण मी बदलणार नाही."

ते पान अहवालात जाणार नाही, मला ठाऊक आहे. पोर जगलं की नाही, तेही कळलेलं नाही. रोज विचारते, रोज कुणी सांगत नाही. पण यापुढे माझ्यासमोर कुणी कात्री उचलली, तर मध्ये माझा हात असेल. कापायचा तर तो कापा.