आयरिश घराचं धुराडं

दुबईच्या पुढे, रास अल खैमाच्या बाहेर एका शेतावर आम्ही आयरिश घर बांधलं. मालक आयरिश. त्याच्या ऐंशी ओलांडलेल्या आईला हिवाळाभर इथे राहायचं होतं, पण ती लहानपणी वाढली तसल्याच घरात. जाड दगडी भिंती, वर चुना, गवताचं छप्पर आणि कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून खालचा अर्धा भाग वेगळा बंद होणारं दार. मी सुपरवायझर, गडी सगळे कोकणातले. नकाशा बघून आम्हाला हसूच आलं. हे तर आपलंच घर, राहणारी माणसं तेवढी गोरी. छप्पर शाकारायला कोणाला शिकवावं लागलं नाही.

म्हातारी बघायला येणार त्या दिवशी सकाळपासून मी घराला चार फेऱ्या मारल्या होत्या. कॉन्ट्रॅक्टर साहेब बजावून गेले होते, "तिला आवडलं नाही तर तुझं काम खलास. व्हिसा कॅन्सल करून घरी पाठवीन." बावीस वर्षांची नोकरी एका बाईच्या पसंतीवर येऊन ठेपली होती.

ती आली. भिंतींवरून हात फिरवला, अर्ध्या दारावर कोपरं टेकून उभी राहिली, हसली. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात ती मुलाला म्हणाली, "आता चूल पेटव." जळणही सोबत आणलं होतं, त्यांच्याकडे दलदलीतून कापून वाळवतात त्या मातीच्या विटा.

चूल शोभेची, असं मी धरून चाललो होतो. धुराडं बांधलं होतं, पण त्याच्या तोंडावर मीच फळी ठोकून वर गवत घालून घेतलं होतं. छपराला भोक ठेवणं म्हणजे पावसाला आवतण. वाळवंटात आलो तरी डोकं कोकणातलंच. सांगायला पुढे झालो, तोवर मुलाने काडी लावली होती.

पाच मिनिटांत खोली धुराने भरली. मुलगा खोकत बाहेर पळाला. म्हातारी डोळे पुसत तिथेच उभी राहिली.

"चूक माझी आहे, मॅडम," मी म्हणालो. "आमच्याकडे घराला धुराडं नसतं. धूर छपरातून आपोआप जातो."

"जातो का?" तिने विचारलं. "आमचं धुराडं कायम तुंबलेलं असायचं. माझ्या आईचे डोळे त्यातच गेले. उद्या हे मोकळं करून दे."

नोकरी वाचली होती, पण मी त्या चुलीकडेच बघत राहिलो. माझी आई जन्मभर चुलीपुढे डोळे पुसत बसायची. शेवटी तिला माझा चेहराही दिसत नव्हता. लोकांची घरं बांधण्यात माझं आयुष्य गेलं आणि आईच्या चुलीवर एक धुराडं बांधावं, हे मला कधी सुचलं नाही.