माझ्या नावावरचा फोन

नवी पेठेत कापडाच्या दुकानात मी कामाला हाय. साड्या दाखवतो, आणि गिऱ्हाईक नसलं की लोकांचे आवाज काढतो.

दोन वर्षांमागं दुकानातल्याच एका दोस्ताला हप्त्यावर फोन घ्यायचा व्हता. त्याच्याकडं पॅन कार्ड नव्हतं. आमच्यात हे चालतंच की. कागद एकाचे, वस्तू दुसऱ्याची, हप्ता ज्याची वस्तू त्यानं भरायचा. मी पॅन दिलं, आलेला ओटीपी सांगितला, वर त्याच्या पैशानं चहा प्यालो. पुढं तो काम सोडून पुण्याला गेला, आणि हप्ते भरायचे थांबवले.

मग मला वसुलीवाल्यांचे फोन यायला लागले. मी म्हणायचो, फोन त्याच्या खिशात हाय, मला काय विचारताय? पण हे आपलं मनातल्या मनात. तोंडानं म्हाताऱ्याचा आवाज काढायचो. "पोरगं रानात गेलंय रं बाळा. तुझं लगीन झालं का?" दुकानातली पोरं साड्यांच्या ढिगावर लोळायची. काही महिन्यांनी फोन यायचे थांबले. मला वाटलं, जिंकलो.

यंदा धाकट्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फीसाठी बँकेचं कर्ज पाहिजे व्हतं. वडील गावाकडं जेऊरला दुसऱ्याच्या रानात राबतात, कमाईचा कागद कुटला? घरात पगाराची स्लिप फक्त माझी. म्हणून तिच्याबरोबर सही करणारा मी.

बँकेतल्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "तुमचा कर्जफेडीचा स्कोअर पाचशे बारा आहे."

"कितीपैकी?"

"नऊशे."

"मग पास हाय की, साहेब. आमच्या शाळंत शंभरात पस्तीसला सोडत व्हते."

ते हसले न्हाईत. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. एक एक महिना, आणि त्याच्यासमोर हप्ता किती दिवस थकला ते. मी म्हातारा होऊन बोललो ते सगळे महिने तितं ओळीनं बसले व्हते.

"फोन माझा न्हाय, साहेब."

"ओटीपी कुणी सांगितला?"

"मी."

"मग कर्ज तुमचंच."

बहीण शेजारी फाईल छातीशी धरून बसली व्हती. हळूच म्हणाली, "दादा, म्हंजे मला न्हाय मिळणार?" मी साहेबांना विचारलं, आता काय करू? फी भरायला शुक्रवारपर्यंतच मुदत व्हती.

साहेब म्हणाले, "थकबाकी पूर्ण भरा, काही बाकी नसल्याचं पत्र आणा. अर्ध्यात मिटवू नका. तसं केलं की 'सेटल' असा शेरा पडतो, आणि तो वर्षानुवर्षं निघत नाही."

दुसऱ्या दिवशी फोनला कर्ज देणाऱ्या फायनान्सच्या ऑफिसात गेलो. तिथला माणूस लई गोड बोलला. "निम्मे टाका, आत्ता मिटवून देतो." निम्मेच माझ्या खिशात व्हते. व्हय म्हणालो असतो तर दोन मिनटात सुटलो असतो, पण बहीण अडकली असती.

"न्हाय. पुरे भरतो."

"लोकं कमी करा म्हणून पाया पडतात, आणि तुमी पुरे भरताय?"

दुपारी माझी मोटारसायकल मेकॅनिकला विकली. त्यानं फुटका हेडलाईट बघून अजून पाचशे कापले. पैसे भरले, पत्र घेतलं, पळत बँकेत नेलं.

"कर्जाचा रिपोर्ट सुधारायला महिना जातो," साहेब म्हणाले. "पत्र जोडून वर पाठवतो. शब्द देत नाही."

दोन दिवस मी साड्यांच्या उलट्या घड्या घालत व्हतो. मालक म्हणाले, "आज आवाज बसलाय व्हय?" शुक्रवारी सकाळी बहिणीचा फोन आला. कर्ज मंजूर झालं व्हतं. मी दुकानाच्या पायरीवर बसलो.

आता चालत कामाला जातो. मधनंमधनं मोबाईलवर माझा रिपोर्ट उघडतो. आपला आपण बघितला तर स्कोअर कमी होत न्हाय, हे साहेबांना दोनदा विचारून घेतलंय. तिचं कर्ज आता माझ्या रिपोर्टवर हाय. शिकून झालं की तिचे हप्ते सुरू होतील, नोकरी लागंपर्यंत ते मलाच भरायचेत, आणि त्यातला एक जरी माझ्यामुळं चुकला, तरी डाग तिच्याबी नावाला लागंल. ती अजून एकोणीसचीबी न्हाय.