तारेच्या वाटेवरचा आंबा

वाकळ (गोधडी) धुऊन आम्ही नवरा-बायकोनं पिळली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. "जोरात पिळा की, जेवला न्हाईसा का?" ती म्हणाली. वाकळ वाळायच्या आत ती गेली. आमच्याकडं आता राख नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा काढून त्यात टाकतात, वर झाड लावतात. मी आंबा लावला.

त्याच शेतात परवा मोजणीची माणसं आली. बांधावर चुन्याची खूण करून गेली. पवनचक्क्यांची वीज न्यायला मोठ्या तारा टाकायच्या आहेत म्हणाली. कुठनं, ते साताऱ्याच्या विजेच्या ऑफिसात विचारा.

म्हणून खानापूरच्या घाटमाथ्यावरून निघालो. विट्यात एसटी बदलली. एवढ्या लांब एकटा कधी गेलो नव्हतो. वाटेत लोखंडी मनोरे दिसले की तारेखाली काय उभं आहे तेच बघत होतो. ऊस, हरभरा, शाळू. उंच झाड एक दिसलं नाही. रहिमतपुरात भाकरीचं फडकं सोडलं अन् पुन्हा खिडकीतनं मनोरे बघत बसलो.

शेजारी एक रिटायर फौजी होता. "आवं आबा, खावा की. बॉर्डरवर चाललाय का काय?"

"न्हाई गड्या, तारंचं इचारायला."

तो हसला. मला हसू आलं नाही.

साताऱ्यात चुकून बिल भरायच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीपाशी पोचल्यावर कळलं. मग वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथल्या इंजिनीअर मॅडम नीट बोलल्या.

"आबा, दोन वाटा काढल्यात. एक तुमच्या शेतातून, एक टेकडीमागून."

"मग कुठली?"

"ठरलं नाही. पुढं पवनचक्क्या किती येतील, वारा किती लागेल, काहीच पक्कं नाही. लाइन लहान टाकली तर वीज अडकते. मोठी टाकली अन् चक्क्या आल्याच नाहीत, तर खर्च वाया. लहान लाइन टेकडीमागून जाते, मोठीला तुमचं शेत लागतं, म्हणून दोन्ही वाटा धरून चालतोय."

"तारंखाली आंबा चालतो का?"

"उंच झाड तोडावं लागतं. भरपाई मिळते."

"त्या आंब्याखाली माझी मंडळी हाय. भरपाई कुणाची देतासा?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"कवा ठरंल?"

"खरंच माहीत नाही मला."

खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. जिन्यात शिपाई म्हणाला, "आबा, वाऱ्याचं म्हाताऱ्यागत हाय. कवा उठंल, कवा बसंल, नेम न्हाई."

परतताना माथ्यावर वारा सुटला होता. पूर्वी असा वारा सुटला की ती सूप घेऊन उठायची, धान्य उफणायला. आता तोच अंगावर आला तसा मी दचकलो. एवढी शिकलेली माणसं, वाऱ्याचा भरवसा नाही म्हणून दोन वाटा धरून बसली आहेत. माझ्याकडं एकच झाड आहे.

सकाळी घागर घेऊन आंब्याकडं गेलो. तांबडी पालवी फुटली होती. बघून भीतीच वाटली. जेवढा वाढेल तेवढा तोडायच्या मापात येईल. पाणी घालू नये, खुजाच राहू दे, असं मनात आलं. मग घागर ओतली आणि दुसरी आणायला गेलो.