खंडेनवमीनंतरचं बूश

हट्ट्याच्या विश्वंभर मिस्त्रींना रिकाम्या हाताने बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली आणि घरी आले ते धातू कातायची एक जुनी लेथ मशीन घेऊनच. शेळ्यांच्या गोठ्याला लागून पत्र्याचं शेड, त्यात ती मशीन. फवारणी पंपाची पिन म्हणा, शिलाई मशीनचा स्क्रू म्हणा, माणूस वसमतला न जाता मिस्त्रींकडे येई. मिस्त्री आधी खेकसत, मग काम करत, आणि झालेलं काम असं निरखत बसत की आशाबाई म्हणायच्या, "माज्याकडं कवा असं बगितलं न्हाई बाई या मानसानं!"

यंदा मात्र खंडेनवमीला मशीनची पूजा झाली आणि सगळं बिनसलं.

काम होतं गावातल्याच मसाजीच्या कडबाकुट्टीच्या बूशचं. बूश म्हणजे काय, अंगठ्याएवढी पितळी नळी. बाहेरून कातायची, मग उलटी करून मशीनच्या तीन जबड्यांत धरायची आणि आतलं भोक मोठं करायचं. अशी शेकडो केली असतील त्यांनी. पण हे निघालं एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ. दुसरं केलं, तेही तसंच. तिसरं तर विचारूच नका!

मिस्त्रींनी हत्याराला नवी धार लावली. त्याची उंची मापली. बेअरिंग हलवून बघितलं. केसभर फरकही काट्यावर दाखवणारी डायल लावली, तर काटा हलतोय की आपला डोळा हलतोय हेच कळेना. जबडे खोलून बघायचं काही त्यांच्या मनात आलं नाही. पूजेच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच ते डिझेलने लख्ख धुतले होते ना!

मसाजी भला माणूस. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मिस्त्री, वय झालं आता. मी वसमतवरून आनतो."

हे शब्द मिस्त्रींच्या काळजात रुतले. आशाबाईंनी भाकरी पुढे ठेवली तर म्हणाले, "डोळे गेले माजे. हातबी गेले. मशीन ठिवून काय करू?" आणि त्यांनी वारंगा फाट्याच्या देविदासला फोन लावला. त्याचंही वर्कशॉप होतं, आणि ही मशीन तो कधीचा मागत होता.

"रविवारी सकाळीच टेम्पो घिऊन येतो!" देविदासला भलतीच घाई.

रविवारी मिस्त्री उजाडताच शेडमध्ये गेले. मशीन दुसऱ्याच्या दारात जाणार, ती मळकी कशी धाडायची? पुसता पुसता त्यांनी जबडेही खोलले. एक नंबर साफ. दोन नंबर काढला तर त्याच्या मागे, दात्यांत, काहीतरी लाल चिकटलेलं. नखाने खरवडलं. तांदळाचा दाणा! कुंकवात भिजलेला, तेल पिऊन खड्यासारखा टणक झालेला, जबड्याला किंचित सरकवून बसलेला.

"आशे, हिकडं ये! पूजेला अक्षता कोन टाकल्या?"

"तुमीच की! मूठभर टाकल्या, 'माझी लक्षुमी' म्हनून. मी म्हनलं बी, काहून इतक्या टाकता?"

मिस्त्रींनी जबडे धुऊन बसवले, गोल सळई धरली, डायल लावली, आणि मशीन हळूहळू हाताने फिरवली. काटा जागचा हलला नाही. त्यांचे डोळे भरून आले. पण ते भरलेले डोळेसुद्धा काटा बराबर वाचत होते!

मसाजीचं चौथं बूश झकास निघालं. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. देविदास उतरला तोच घाम पुसत.

"मशीन देत न्हाई मी. चहा घे," मिस्त्री म्हणाले.

"असं नका करू मिस्त्री! माझी मशीन दसऱ्यापासून वाकडंतिकडं काम करून राहिली. गिऱ्हाइकं शिव्या घालून राहिली. समदं तपासलं, न्हाई सापडत. म्हनून तर तुमची न्यायला आलो!"

मिस्त्रींनी आशाबाईंकडे पाहिलं. आशाबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मिस्त्रींनी जबडे खोलायची चावी खिशात टाकली, टेम्पोत ऐटीत बसले आणि विचारलं,

"देविदास, अक्षता किती टाकल्या होत्या रे?"