नांदेडहून आलेली फ्रेंच सीडी

शुक्रवारी दुपारी दारात गाडी थांबली आणि मी घागर घेऊन बाहेर पळालो... तर कुरिअरवाला! लातुरात सध्या असंच चाललंय. कुठं काही खडखडलं की टँकरच वाटतो, एका जागी बूड टेकत नाही.

पार्सल पल्लवीचं होतं, म्हणजे माझ्या मुलीचं. पाठवणारा नांदेडचा... मागच्या महिन्यात तिला बघून गेलेला मुलगा. आमच्याकडून होकार-नकार अजून कळवायचा राहिलाय. घर चांगलं, नोकरी चांगली, बोअरला पाणी आहे. (हसू नका. बोअरचं मी सगळ्यात आधी विचारलं. आजकाल लातूरचा बाप दुसरं काय विचारणार?) पण मुलगा लई कमी बोलतो. पल्लवीला विचारावं तर ती नुसती हसते. त्यामुळं माझा जीव टांगणीला.

पल्लवी शाळेत शिकवायला गेलेली. मला कुठला दम निघतोय... फोडलं पार्सल. आत एक सीडी. फ्रेंच क्लासिकल संगीताचा अल्बम, वेगवेगळ्या संगीतकारांचे निवडक तुकडे एकत्र केलेले. म्हटलं, चला, पोरगा कसा आहे ते यातून तरी कळेल. जुन्या लॅपटॉपवर लावली.

एकही शब्द नाही हो! नुसती वाद्यं. पियानो टपटप करतो, मध्येच थांबतो, परत टपटप... आतून आमची ही, महानंदा, ओरडली, "आवो, नळ गळायलाय का बघा की!" आता नळाचं तोंड कोरडं पडून किती काळ झाला, तो काय गळणार कपाळ.

मग कव्हर बघितलं. काठोकाठ भरलेलं तळं, वर कमळं. आत तुकड्यांची नावं इंग्रजीत... एक समुद्रावर, एक कारंज्यावर, एक होडीवर. जिकडंतिकडं पाणीच पाणी.

माझं डोकंच सटकलं. गोदावरीकाठचा माणूस लातूरच्या पोरीला पाण्याचं संगीत पाठवतो? ही चेष्टा नाही तर काय? आधीच लोक म्हणतात, लातूरला पाव्हणा म्हणून जायचं तर सोबत कॅन घेऊन जा.

स्थळ आणलेलं माझ्या साडूनं. तो उदगीरचा. त्याला फोन लावला, तर त्याचं भलतंच. "दाजी, उदगीर जिल्हा होऊ द्या एकदा, पाण्याचं सगळं मार्गी लागतंय बघा." अरे बाबा, लातूर जिल्हा झाला तेव्हा आमचे वडीलही हेच म्हणायचे! ठेवला फोन.

महानंदा म्हणत होती जरा दमानं घ्या. कसलं दमानं... सरळ मुलालाच लावला. म्हटलं, "आमच्याकडं पाणी नाही, मान्य. पण म्हणून असला टोमणा मारायचा? हे स्थळ आम्हाला जमायचं नाही."

 तो हळूच म्हणाला, "काका, तसं नाही हो... पल्लवींनीच मागितलं होतं."

"पल्लवीनं? कधी?" मी विचारलं.

त्याचं असं, की दोघं अधूनमधून फोनवर बोलतात. (हे मला नवीनच!) एकदा ती म्हणाली, दिवसभर कानावर टँकर आणि भांडणं, पाणी म्हटलं तरी आता छातीत धडधडतं. भांडण नसलेला पाण्याचा आवाज तुमच्याकडं असेल तर पाठवा. हा पठ्ठ्या गोदावरीच्या घाटावर गेला, फोनवर रेकॉर्ड करायला. पण रेकॉर्डिंगमध्ये नुसते गाड्यांचे हॉर्न. मग त्याला पुण्यात शिकताना घेतलेली ही सीडी आठवली. ट्रंकेतून शोधून काढली आणि पाठवली.

 "बरं बरं... ठेवतो," म्हणत मी फोन ठेवला.

खरं सांगू, जरा लागलंच. या पोरीनं माझ्याकडं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. दिवाळीला कपड्यांचं विचारलं तरी "असू द्या बाबा, आहेत की". आईचे गुडघे दुखतात म्हणून टँकरच्या गर्दीत रोज हीच घुसते. धक्के खाते, बोलणी खाते, घरी येऊन एक शब्द काढत नाही. तिला हे इतकं सोसवत नाहीये, हे मला नांदेडच्या माणसाकडून कळावं?

संध्याकाळी ती आली. टेबलावर सीडी दिसली तशी पर्स खांद्यावर ठेवूनच खाली बसली आणि सीडी लावली. डोळे मिटले. तिचा चेहरा इतका निवांत मी या उन्हाळ्यात बघितला नव्हता... मला मात्र तिथं बसवेना. सारखा आत-बाहेर, आत-बाहेर. फोनवर स्थळ मोडून बसलो होतो ना मी!

शेवटी विचारलंच, "पल्लवी, नांदेडला काय कळवू?"

डोळे न उघडता म्हणाली, "हाव म्हणा बाबा."

लगेच फोन लावला. आधी माफी मागितली, मग होकार दिला. माझ्याकडं काही न मागणाऱ्या माझ्या लेकीला ज्याच्याकडं हक्कानं मागावं असा माणूस भेटला... देवा, तुझे लई उपकार.