पान्याला दात असतात

गल्लीत कोणालाच, अगदी हिलासुद्धा, मी हे कधी सांगितलेलं नाही: काकांच्या गाडीवरचा कोंबडा मी उडवला.

काका म्हणजे गास गावातले आमचे शेजारी. आम्ही तिथे घर घेतलं, त्या पहिल्याच शनिवारी ते मला दिसले. पायांत गुडघ्यापर्यंत गमबूट, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, काच खाली ओढलेली, आणि हातात प्रेशर वॉशरची बंदूक. समोर दगडावर एक पिकलेली पपई.

"ही पपई म्हंजे तुमचा पाय," ते मला म्हणाले. ओळख अजून व्हायचीच होती. "चपला घालून आलात ना? आता बघा."

फट्! पपई गेली. बिया थेट आमच्या दोरीवरच्या चादरीवर.

"पान्याला दात असतात," काका म्हणाले आणि मग नाव विचारलं.

रविवारी सकाळी मिस्साच्या प्रार्थनेला चर्चसमोर गाड्यांची रांग लागते. तिथे आपलीच गाडी मळकी दिसू नये म्हणून सगळी गल्ली शनिवारी दुपारी काकांच्या वाडीत गाड्या लावायची. मी चर्चला जात नाही, पण रांगेत असायचोच. फुकट धुणं कोण सोडतो?

धुण्याआधी काका ओरडायचे, "कोंबड्या आत! पोरं आत! बँकवाले, तुम्हीपन मागं!" बँकवाला मी. मग प्लगची वायर कोरड्या खुंटीवर टांगलेली आहे ना, हे बघायचे. पहिला फवारा जमिनीवर, मग गाडीवर, वरून खाली. बंदूक दोन्ही हातांत आणि गाडीपासून एक हात लांब. टायरजवळ कोणी तोंड नेलं, तर फवारा थांबवून त्याच्याकडे नुसतं बघत राहायचे. हेल्मेटमधून बघणारा माणूस फार भीतिदायक दिसतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. शेवटी बटण बंद, नळ बंद, आणि पुन्हा एकदा घोडा दाबायचा. "आत जोर राहतो बाबा. तिला शेवटचं थुंकू दे."

त्यांची स्वतःची गाडी जुनी, पांढरी. मागच्या काचेवर नारिंगी कोंबड्याचं स्टिकर, तेही तिरकं. चर्चच्या सणाला लागलेल्या दुकानांतून काकूंनी आणलेलं, त्यांनीच चिकटवलेलं. काकू आता नाहीत. "सरळ कर म्हटलं तर म्हनायची, असू दे, तो मान वाकडी करून बघतोय, मागनं कोन येतंय." कोंबड्यापाशी आले की काका दोन पावलं मागे सरायचे.

एका बुधवारी काका जावयाच्या गाडीतून एका बाप्तिस्म्याला गेले. मला सुचलं, इतकी वर्षं हा माणूस आपली गाडी धुतोय, आज आपण त्याची धुऊ. हेल्मेट घातलं. कोंबड्या आत पाठवल्या. सगळं नियमाने केलं, पण काचेवर कावळ्याची एक वाळलेली शीट निघेना. काकांनी एका डब्यात बारीक धारेचं नोझल ठेवलं होतं, फक्त फरशीवरच्या शेवाळासाठी. ते लावलं आणि वीतभर जवळ गेलो.

शीट गेली. कोंबडाही गेला. काचेवर उरले दोन पिवळे पाय.

मग मी जे केलं ते लिहायलाही लाज वाटते. केळीच्या आळ्यातला चिखल आणून मी ती स्वच्छ गाडी पुन्हा मळवली. ओंजळ ओंजळ, मन लावून. खरं वाटावं म्हणून एका कोंबडीला धरून टपावरून चालवलं. तिने मला चोच मारली. योग्यच केलं.

संध्याकाळी काका आले. मी कुंपणाशी चहा पीत उभा. ते गाडीमागे गेले. त्यांनी काचेवरचे दोन पाय बघितले, मग स्वतःचा उजवा हात.

"मीच," ते म्हणाले. "शनिवारी हात हलला असनार. कळलंपन नाय मला."

मी चहाचा घोट घेतला. तोंड उघडलं ते तेवढ्यासाठीच.

पुढच्या शनिवारी हेल्मेट खुंटीवरच राहिलं. गाड्या मळक्याच मिस्साला गेल्या. सोमवारी काका यंत्र ढकलत आमच्या दारात आले. "तू घे. ज्याचा हात हलतो, त्यानं बंदूक धरू नये. तुझा हात धड आहे. मी धुताना तू कधी गाडीजवळ जात नाहीस."

ही आतून म्हणाली, "अहो, घ्या की! एवढा विश्वास कोण टाकतं?"

आता शनिवारी हेल्मेट माझ्या डोक्यावर असतं. गल्ली हसते, मीही ओरडतो, "कोंबड्या आत!" काका गुडघ्यांपायी मुलीकडे पुण्याला गेलेत. दर शनिवारी फोन येतो.

"पपई फोडलीस?"

"फोडली काका."

"लांबून?"

"एक हात लांबून."

"शाबास."

त्यांची गाडी वाडीतच आहे. तीही मी धुतो. त्या दोन पिवळ्या पायांपाशी आलो की दोन पावलं मागे सरतो.

नाताळात ते येतील. मी त्यांना एक वाक्य देणं लागतो, आणि ते फोनवर द्यायचं नाही: काका, हात तुमचा हलला नव्हता.