बिघडलेल्या झेरॉक्सवरची विमानं

कुरखेड्यातला आमचा झेरॉक्सवाला गिऱ्हाईक नसलं की संगणकावर लढाऊ विमानांचा खेळ खेळतो. खेळात आपल्या देशाची विमानं ज्या क्रमाने मिळतात तो त्याला पटत नाही, म्हणून बिघडलेल्या झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर तो स्वतःचा क्रम मांडत बसतो. चौकटी, बाण, खोडाखोड. "हे इमान आधी पायजे न, भाऊ," असं पुटपुटत.

काल मी दुकानात बसलो असताना छपरावरून हेलिकॉप्टर गेलं आणि त्याची पेन्सिल थांबली. तेवढ्यात दोन बंदूकधारी पोलीस झेरॉक्स काढायला आत आले. "नक्षल्यांचा नकाशा समजतीन," असं कुजबुजत त्याने कागद माझ्या खिशात कोंबला.

ते गेल्यावर मी कागद उलटला. माझंच आधार कार्ड, फोटोसकट.

"माह्ये असे अजून किती हायेत?"

"आठवत नाई, भाऊ. गठ्ठा रद्दीत देल्ला."